हिरव्या केळ्यांचा माग : परक्या मुलुखात डोमिनिकनांनी आपली माणसे कशी शोधली

१/
अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात हेझलटन नावाचे एक जुने कोळसाखाणींचे शहर आहे. २००० साली तेथील शंभर रहिवाशांत लॅटिन अमेरिकी वंशाचे जेमतेम पाच जण होते. २०२० च्या जनगणनेत हेच प्रमाण ६३ टक्क्यांवर पोहोचले आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा डोमिनिकन लोकांचा होता. एका उष्ण बेटावरची माणसे या थंड, डोंगराळ शहरात आली कशी? आणि आल्यावर त्यांनी आपली माणसे, आपली बोली, आपले जेवण शोधले कसे? त्या शोधाचा हा इतिहास.

२/
आधी नावाचा घोळ दूर करू. येथे ‘डोमिनिकन’ म्हणजे डोमिनिकन प्रजासत्ताकाचे लोक. डोमिनिका हे वेगळे बेट आणि डोमिनिकन नावाचा कॅथलिक संन्याशांचा संघही वेगळा. कॅरिबियन समुद्रातील हिस्पॅनिओला बेटाच्या पूर्वेकडील सुमारे दोन तृतीयांश भागात हा देश आहे, पश्चिमेला हैती. भाषा स्पॅनिश, राजधानी सांतो दोमिंगो. मूळचे ताइनो, वसाहत करणारे स्पॅनिश आणि गुलाम म्हणून आणलेले आफ्रिकी अशा तिघांचा वारसा या समाजात मिसळला आहे. २७ फेब्रुवारी १८४४ रोजी मिळवलेले स्वातंत्र्य स्पेनकडून मिळवलेले नव्हते, हैतीकडून मिळवलेले होते, हेही ध्यानात ठेवण्याजोगे.

३/
न्यूयॉर्कशी या बेटाचे नाते ‘न्यूयॉर्क’ या नावाहूनही जुने आहे. १६१३ साली ‘योंगे टोबियास’ या डच जहाजावरून हुआन रोद्रिगेस हा सांतो दोमिंगोत जन्मलेला मिश्रवंशीय माणूस मॅनहॅटनला उतरला. जहाज परत निघाले तेव्हा त्याने सोबत जाण्यास नकार दिला. ८० कुऱ्हाडी, काही सुऱ्या, एक बंदूक आणि एक तलवार एवढ्या भांडवलावर तो तेथेच राहिला, मूळ रहिवाशांशी व्यापार करू लागला, दुभाष्याचे काम करू लागला. डचांची वसाहत वसायला अजून दहाएक वर्षांचा अवकाश होता. मूळ रहिवासी वगळता मॅनहॅटनवर राहिलेला तो पहिला ज्ञात माणूस मानला जातो.

४/
पण एकट्या माणसाने वस्ती होत नाही. रोद्रिगेसनंतर साडेतीनशे वर्षे गेली, तेव्हा कुठे त्याच्या मुलखातली माणसे मोठ्या संख्येने मॅनहॅटनला आली. त्यामागचे कारण बेटावरच्या राजकारणात होते. १९३० पासून १९६१ पर्यंत राफाएल त्रुहियो या हुकूमशहाने देश मुठीत ठेवला. १९३६ साली त्याने राजधानीचे नाव बदलून ‘सिउदाद त्रुहियो’, म्हणजे त्रुहियोनगर, असे केले. त्याच्या राज्यात पासपोर्ट मिळणे ही मोजक्यांच्या नशिबातली गोष्ट होती. हुकूमशाहीला प्रजा दारातच हवी होती.

५/
३० मे १९६१ रोजी त्रुहियोची हत्या झाली आणि दार उघडले. डिसेंबर १९६२ च्या निवडणुकीत लेखक-नेते हुआन बोश निवडून आले. सत्तेवर येऊन सात महिने होतात न होतात तोच लष्कराने त्यांना उलथवले. एप्रिल १९६५ मध्ये बोश यांना परत आणण्यासाठी उठाव झाला. ‘दुसरा क्यूबा नको’ या भयाने अमेरिकेने वीस हजारांहून अधिक सैनिक उतरवले. १९६६ साली त्रुहियोचे जुने सहकारी होआकिन बालागेर राष्ट्राध्यक्ष झाले आणि विरोधकांवर दडपशाहीचे बारा वर्षांचे पर्व सुरू झाले.

६/
याच काळात अमेरिकी व्हिसा भराभर मिळू लागले. असंतुष्ट तरुण देशाबाहेर गेले तर दोन्ही सरकारांची डोकेदुखी कमी होणार होती, असे या स्थलांतराचे अनेक अभ्यासक मानतात. आकडेच पाहावेत : १९५० च्या दशकात कायदेशीर वास्तव्याचा परवाना मिळालेले डोमिनिकन १० हजारांहून कमी, १९६० च्या दशकात ९३ हजार, १९८० च्या दशकात अडीच लाख. आधी राजकारणाने लोटले, मग गरिबीने. आणि एकदा एक भाऊ पोहोचला की त्याच्यामागे बहीण, आई, मेहुणा, अशी साखळीच लागली.

७/
ही साखळी येऊन थांबली ती मॅनहॅटनच्या उत्तर टोकाशी, वॉशिंग्टन हाइट्समध्ये. हा भाग पूर्वी आयरिश आणि ज्यू लोकांचा. नाझी जर्मनीतून निसटलेले ज्यू तेथे इतके होते की त्याला ‘हडसनकाठचे फ्रँकफर्ट’ म्हणत. त्यांची पुढची पिढी उपनगरांकडे निघाली होती. मागे मोठी, जुनी, त्या मानाने स्वस्त घरे राहिली. तयार कपड्यांच्या कारखान्यांपर्यंत थेट रेल्वे होती. म्हणजे डोमिनिकनांना मिळालेले घर आधी दुसऱ्या एका परागंदा समाजाचे होते.

८/
नव्या मुलुखात पहिली संस्था उभी राहते ती दुकानाची. बेटावर प्रत्येक गल्लीत एक ‘कोल्मादो’ असतो. अर्धा पाव तेल, दोन अंडी, एक सिगारेट असे सुटे मिळण्याचे, उधारीच्या वहीचे आणि दारात बाकड्यावर डॉमिनो खेळण्याचे ते ठिकाण. न्यूयॉर्कमध्ये पोर्तो रिकोच्या लोकांनी ‘बोदेगा’ नावाची कोपऱ्यावरची दुकाने चालवली होती. ती डोमिनिकनांनी एकेक करून विकत घेतली आणि आत कोल्मादोचा रिवाज आणला. ज्याला इंग्रजी येत नाही, बँक उभी करत नाही, त्याला तेथे उधारी मिळे. कोणत्या कारखान्यात माणूस हवा आहे, कोठे खोली रिकामी आहे, हेही तेथेच कळे.

९/
या दुकानाची खूण म्हणजे दाराशी रचलेली हिरवी केळी. ही नेहमीची पिकवून खाण्याची केळी नव्हेत. ‘प्लातानो’ हा शिजवून खाण्याचा मोठा, घट्ट गराचा प्रकार. ती उकडून, लोणी वा तेल घालून घोटली आणि वर व्हिनेगरमधला लाल कांदा घातला की ‘मांगू’ तयार होतो. सोबत तळलेले सलामी, तळलेले चीज आणि अंडे. या त्रिकुटाला ‘तीन तडाखे’ म्हणतात. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात घट्ट, गोड, दुधातली घेवड्याची खीर होते आणि शेजारीपाजारी वाटली जाते. अनोळखी शहरात आपले कोणी आहे का, हे पाहायचे तर आधी दुकानाच्या दारातली केळी पाहावीत.

१०/
दुसरी संस्था पैशाची. तिला ते ‘सान’ म्हणतात. दहा-वीस जण दर आठवड्याला ठरलेली रक्कम काढतात आणि जमलेली सगळी रक्कम पाळीपाळीने एकेकाला मिळते. मराठी वाचकाला ही गोष्ट समजावून सांगायला नको : ही भिशीच. कागद नाही, तारण नाही, केवळ शब्दावर चाललेला व्यवहार. विमानाचे तिकीट, घराची अनामत, दुकानाचे पहिले भांडवल असे कितीतरी खर्च यातून भागले. सानमध्ये कोणाला घ्यायचे, हे ठरवताना ‘आपला माणूस’ म्हणजे कोण, हेही ठरत गेले.

११/
तिसरी संस्था गावाची. एका गावाहून आलेले लोक मंडळे काढत. समाजशास्त्रज्ञ पेगी लेविट यांनी बानी शहराजवळचे एक खेडे आणि बॉस्टनचा जमैका प्लेन हा भाग यांचा एकत्र अभ्यास करून २००१ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. खेड्यातल्या लोकांनी बॉस्टनमध्ये वर्गणी जमवून गावाकडे सोयीसुविधा उभ्या केल्या होत्या. लेविट यांचे निरीक्षण असे की पैशांबरोबर कल्पनाही घरी जातात. सभा कशी घ्यावी, पुढाऱ्याकडून कशाची अपेक्षा धरावी, बाईने कोठवर बोलावे, याविषयीची मते बॉस्टनहून खेड्यात पोहोचत होती.

१२/
चौथी संस्था देवाची. २१ जानेवारी हा अल्ताग्रासियाच्या मारियामातेचा सण. ती डोमिनिकनांची रक्षणकर्ती. आयरिश लोकांनी बांधलेल्या चर्चमध्ये स्पॅनिश मिस्सा सुरू झाली, भिंतीवर तिची तसबीर आली. बेटावरच्या गावांतही गावच्या संताच्या उत्सवात एक दिवस ‘गैरहजर’ मंडळींसाठी, म्हणजे परदेशी गेलेल्यांसाठी, राखून ठेवू लागले. इकडे गावाची आठवण आणि तिकडे गेलेल्यांची आठवण, दोन्हीकडे एकाच देवीच्या साक्षीने.

१३/
स्त्रियांचा वाटा निराळा सांगितला पाहिजे. कपड्यांच्या कारखान्यांत शिवणयंत्रावर बसलेल्यांत त्या मोठ्या संख्येने होत्या. हाती पहिल्यांदाच स्वतःची मजुरी आली, तेव्हा परत जाण्याची घाई अनेकदा पुरुषांना होती, स्त्रियांना नव्हती. कारखाने बंद पडत गेले तशा अनेकींनी केशरचनेची पार्लरे काढली. तेथे केस सरळ करता करता मुलांच्या शाळेपासून नवऱ्याच्या तऱ्हेपर्यंत सर्व बोलले जाई. बेटावर स्वतःला काळे न म्हणवणाऱ्यांना अमेरिकेने सरसकट काळे ठरवले होते. त्या प्रश्नाची उकलही आरशासमोर बसूनच होत होती.

१४/
आता सत्तेचा प्रश्न. पहिल्या पिढीतले बहुतेक जण अमेरिकेचे नागरिक नव्हते, म्हणून मतदार नव्हते. पण न्यूयॉर्कमध्ये एक फट होती : १९६९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या स्थानिक शाळा मंडळांच्या निवडणुकीत शाळेत मूल असलेल्या पालकाला, तो नागरिक नसला तरी, मत देता येई. वॉशिंग्टन हाइट्सच्या शाळा ओसंडून वाहत होत्या. डोमिनिकन पालक संघटित झाले, १९८० च्या दशकात त्यांनी आपले उमेदवार मंडळावर पाठवले. पहिले राजकारण वर्गातल्या बाकांसाठी झाले.

१५/
याच मंडळातून ग्वियेर्मो लिनारेस नावाचे शिक्षक पुढे आले. १९९१ साली न्यूयॉर्कच्या नगरपरिषदेच्या जागा ३५ वरून ५१ झाल्या, उत्तर मॅनहॅटनमध्ये डोमिनिकनबहुल मतदारसंघ आखला गेला आणि लिनारेस निवडून आले. परिषदेवर गेलेले ते पहिले डोमिनिकन. पुढल्याच उन्हाळ्यात पोलिसांच्या गोळीने एक डोमिनिकन तरुण मेला आणि वॉशिंग्टन हाइट्समध्ये काही दिवस दंगल उसळली. त्याच १९९२ साली सिटी कॉलेजात डोमिनिकन अभ्याससंस्था सुरू झाली. संताप, मत आणि संशोधन, तिन्ही एकाच वेळी आकाराला येत होते.

१६/
१२ नोव्हेंबर २००१. न्यूयॉर्कहून सांतो दोमिंगोला निघालेले ५८७ क्रमांकाचे विमान उड्डाणानंतर काही क्षणांत क्वीन्समधील बेल हार्बर वस्तीवर कोसळले. विमानातील सर्व २६० आणि जमिनीवरील ५ जण मरण पावले. प्रवाशांत बहुसंख्य डोमिनिकन होते : सुट्टीला निघालेले, आजारी आईला भेटायला निघालेले, भेटवस्तूंच्या पेट्या घेऊन निघालेले. जुळ्या मनोऱ्यांवरील हल्ल्याला दोनच महिने झाले होते. जगाने ‘घातपात नाही ना’ एवढे विचारून नजर वळवली. वॉशिंग्टन हाइट्समध्ये मात्र ज्याच्या ओळखीचे कोणी गेले नाही असे घर सापडणे कठीण होते. दोन देशांत विभागलेला समाज त्या दिवशी दोन्हीकडे एकाच वेळी रडला.

१७/
दोन घरे असण्याची एक दुखरी बाजूही होती. सुट्टीत बेटावर परतलेल्याला तेथले लोक ‘डोमिनिकन-यॉर्क’ म्हणत, आणि त्यात कौतुकापेक्षा हेटाळणी अधिक असे : भडक कपडे, मोडके स्पॅनिश, पैशाचा तोरा. तरी याच माणसांच्या पैशावर देशाचा गाडा चाले. २०२१ साली परदेशातून घरी आलेली रक्कम १० अब्ज डॉलरहून अधिक होती. अखेर देशाने हे नाते कायद्यात मान्य केले. १९९४ च्या घटनादुरुस्तीने दुहेरी नागरिकत्वाला वाट दिली, २००४ साली परदेशातून मतदान सुरू झाले आणि २०१२ पासून परदेशस्थ डोमिनिकन आपले सात प्रतिनिधी संसदेत धाडू लागले.

१८/
संगीताची कथाही याच वळणाची. मेरेंगे त्रुहियोने दरबारी प्रतिष्ठेला नेले. गिटारवरची ‘बाचाता’ मात्र गरीब वस्त्यांची, दारूच्या अड्ड्यांची म्हणून हिणवली गेली. प्रतिष्ठित रेडिओवर तिला जागा नव्हती. ती स्थलांतरितांच्या सामानातून न्यूयॉर्कला आली आणि तेथे ब्राँक्समध्ये वाढलेल्या ‘अव्हेंतुरा’ या तरुणांच्या चमूने २००२ च्या सुमारास तिला जगभर पोहोचवले. २०१६ मध्ये मेरेंगे आणि २०१९ मध्ये बाचाता युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. घरी ज्या गाण्याची लाज वाटली, तेच परक्या शहरात ओळखीचे निशाण ठरले.

१९/
मग दुसरे स्थलांतर सुरू झाले, न्यूयॉर्कमधूनच बाहेर. घरभाडी चढत गेली, कारखाने आटले, मुलांना रस्त्यावरच्या अमली पदार्थांपासून दूर नेण्याची ओढ वाढली. मॅसॅच्युसेट्समधील लॉरेन्स येथे त्याआधीच, १९६० च्या दशकापासून, डोमिनिकन कापडगिरण्यांत काम करत होते. हे शहर १८४० च्या दशकात गिरण्यांसाठीच वसवलेले. १९१२ साली तेथे वीस हजारांहून अधिक स्थलांतरित कामगारांनी वेतनकपातीविरुद्ध प्रसिद्ध संप केला होता. तरी १९८४ च्या ऑगस्टमध्ये त्याच शहरात जुने गोरे रहिवासी आणि नवे स्पॅनिशभाषक यांच्यात दोन रात्री दंगल झाली.

२०/
तेथेही क्रम तोच दिसतो : दुकान, पार्लर, स्पॅनिश मिस्सा, रेडिओ, शाळा आणि सर्वांत शेवटी मतपेटी. २००९ साली विल्यम लांतिगुआ लॉरेन्सचे महापौर निवडून आले. डोमिनिकन प्रजासत्ताकात जन्मलेले हे गृहस्थ मॅसॅच्युसेट्स राज्यातील पहिले लॅटिन अमेरिकी वंशाचे महापौर. दंगलीपासून महापौरपदापर्यंत पंचवीस वर्षे लागली. आज शहरातील पाचांपैकी चार रहिवासी लॅटिन अमेरिकी वंशाचे आहेत.

२१/
आता पुन्हा हेझलटन. १९४० साली या शहराची वस्ती ३८ हजार होती. खाणी संपल्या आणि २००० पर्यंत ती २३ हजारांवर उतरली. शहर ओस पडत असताना जवळच्या औद्योगिक वसाहतीत गोदामे आणि मांसप्रक्रियेचे कारखाने आले. काम होते, घरे स्वस्त होती. २००१ नंतर न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीतून डोमिनिकन येऊ लागले. वायोमिंग स्ट्रीटवरच्या बंद दुकानांच्या फळ्या निघाल्या, हिरवी केळी दाराशी लागली.

२२/
जुलै २००६ मध्ये नगरपरिषदेने एक स्थानिक कायदा केला : कागदपत्रे नसलेल्या परदेशीयांना घर भाड्याने देणाऱ्यास दंड, कामावर ठेवणाऱ्याचा परवाना निलंबित, आणि इंग्रजी ही शहराची अधिकृत भाषा. रोख कागदपत्रे नसलेल्यांवर होता. पण घरमालकाच्या नजरेत स्पॅनिश बोलणारा प्रत्येक जण संशयित ठरणार होता, मग तो नागरिक का असेना. प्रकरण न्यायालयात गेले. २००७ साली केंद्रीय न्यायाधीशांनी घरे आणि रोजगाराविषयीचे नियम घटनाबाह्य ठरवले आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शहराचे अपील ऐकण्यासही नकार दिला.

२३/
या वादाला एक जुनी पार्श्वभूमी आहे. १८९७ साली पेनसिल्व्हेनियाने नागरिक नसलेल्या प्रत्येक कामगारामागे दिवसाला ३ सेंट कर बसवला. मालक तो मजुरीतून कापून घेत. हेझलटन परिसरातील पोलिश, स्लोव्हाक, लिथुआनियन खाणकामगार संपावर गेले. १० सप्टेंबर रोजी निःशस्त्र मोर्चा लॅटिमर खाणीकडे निघाला असताना शेरीफच्या माणसांनी गोळीबार केला. १९ कामगार ठार झाले. अनेकांना गोळ्या पाठीत लागल्या होत्या. खटल्यात सर्व आरोपी निर्दोष सुटले. २००६ साली हेझलटनमध्ये राहणाऱ्या अनेक ‘जुन्या’ कुटुंबांचे पूर्वज याच परक्या ठरवलेल्या कामगारांपैकी होते.

२४/
ही आठवण काहींनी जागवली. हेझलटनमध्ये वाढलेले बेसबॉलचे नामवंत प्रशिक्षक जो मॅडन यांच्या पुढाकाराने २०१३ साली एक सामाजिक केंद्र उघडले. तेथे जुन्या आणि नव्या घरांतली मुले एकत्र खेळू-शिकू लागली. बेसबॉल हा डोमिनिकनांचाही जीव की प्राण, त्यामुळे दोन्ही बाजूंना कळणारी ती पहिली भाषा होती. २०२० पर्यंत शहराची लोकसंख्या पुन्हा ३० हजारांच्या घरात आली. ज्यांना हाकलण्याचा कायदा झाला, त्यांच्याच येण्याने ओस पडणारे शहर भरले.

२५/
वॉशिंग्टन हाइट्स, लॉरेन्स, हेझलटन : तिन्ही ठिकाणी डोमिनिकनांना आपला समाज आयता सापडला नाही. तो उधारीच्या वहीतून, भिशीच्या शब्दातून, मारियामातेच्या सणातून आणि शाळेच्या बाकासाठी केलेल्या भांडणातून घडत गेला. संसद आणि महापौरपद फार नंतर आले. २०१६ साली आद्रियानो एस्पायात अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेलेले पहिले डोमिनिकन ठरले, तेव्हा मोठ्या स्थलांतराला अर्धशतक उलटले होते. हेझलटनची गोष्ट अजून मधल्या टप्प्यावर आहे.

२६/
आणि हुआन रोद्रिगेस? २०१२ साली न्यूयॉर्कने ब्रॉडवेच्या १५९ ते २१८ क्रमांकाच्या रस्त्यांमधील भागाला त्याचे नाव दिले. हा पट्टा वॉशिंग्टन हाइट्समधून जातो. साडेतीनशे वर्षे विस्मृतीत पडलेल्या त्या एकट्या माणसाला आठवणारे लोक आता त्याच्या नावाच्या पाटीखाली राहतात, आणि त्या पाटीखालून चालत जाताना दुकानांच्या दाराशी हिरवी केळी दिसतात.